देवीला वाहिलेली अक्षरे

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये तांबूस वालुकाश्माचा एक स्फिंक्स आहे. लांबीला जेमतेम वीतभर, कारागिरी बेताची. इजिप्तच्या भव्य पुतळ्यांच्या गर्दीत तो कुणाच्या नजरेत भरावा असा नाही. सिनाई द्वीपकल्पाच्या नैर्ऋत्य भागात सराबित अल-खादिम नावाचे पठार आहे. इजिप्तचे राजे तिथे माणसे पाठवून पिरोजाचे खडे खणून काढत, आणि खाणींच्या शेजारीच हाथोर देवीचे देऊळ होते. 'पिरोजाची स्वामिनी' हे तिचे तिथले बिरुद. १९०५ साली फ्लिंडर्स पेट्री यांना तिथल्या उत्खननात हा स्फिंक्स सापडला. त्याच्या अंगावर दोन लिप्या आहेत. एक इजिप्ती चित्रलिपी, तिच्यात मूर्ती हाथोरची लाडकी असल्याचे सांगितले आहे. दुसरी ओबडधोबड चिन्हांची, दगडावर ओरखडल्यासारखी: घर, डोळा, काठी, फुली. आसपासच्या खाणींच्या भिंतींवरही अशीच चिन्हे होती. पेट्रींना ती वाचता आली नाहीत, पण चिन्हांचे प्रकार इतके मोजके होते की ही वर्णलिपी असावी एवढे त्यांनी ताडले.

अकरा वर्षांनी, १९१६ मध्ये, अ‍ॅलन गार्डिनर यांनी एक साधी युक्ती करून पाहिली. हिब्रू मुळाक्षरांची नावे म्हणजे वस्तूंची नावे आहेत. 'बेत' म्हणजे घर, 'अयिन' म्हणजे डोळा, 'लामेद' म्हणजे बैल हाकायची पराणी, 'ताव' म्हणजे खूण किंवा फुली. चित्राच्या नावातला पहिला ध्वनी हेच त्या चित्राचे अक्षर, असे धरून त्यांनी पुन्हा पुन्हा येणारी एक जुळणी वाचली. घर, डोळा, पराणी, फुली: ब, अ, ल, त. 'बालत' म्हणजे हिब्रूच्या कुळातल्या कनानी भाषेत स्वामिनी, मालकीण. हाथोरला कनानी माणूस याच नावाने हाक मारणार. काही ठिकाणी या चार चिन्हांच्या आधी आणखी एक पराणी आहे, म्हणजे 'ल'. सेमिटिक भाषांत नामाआधी 'ल' जोडला की अर्थ होतो 'ला', 'साठी'. 'लबालत', म्हणजे स्वामिनीला. आपल्या चतुर्थीचा प्रत्ययही 'ला'च आहे, हा निव्वळ योगायोग. त्यावरून मराठी आणि कनानी यांचे नाते जोडायला निघणाऱ्याला पुढे येणाऱ्या एका पंक्तीत पान वाढावे लागेल.

जगातल्या बहुतेक वर्णलिप्यांची वंशावळ मागे नेत गेले की ती या ओरखड्यांच्या आसपास पोचते. फिनिशियन, हिब्रू, अरबी, ग्रीक, रोमन, सगळ्यांचे मूळ इथलेच. म्हणून एक जुना धार्मिक प्रश्न इथे नव्याने विचारता येतो: अक्षरे कुणी दिली? बहुतेक परंपरांचे उत्तर ठरलेले आहे. इजिप्शियन लोक आपल्या लिपीला 'देवाचे शब्द' म्हणत आणि तिचे जनकत्व थोथ देवाकडे देत. बायबलच्या 'निर्गम' ग्रंथात सिनाई पर्वतावरच्या पाट्या देवाच्या बोटाने लिहिलेल्या आहेत. आपल्याकडे ब्राह्मीचे नावच ब्रह्मदेवाशी जोडले गेले, तर जैन परंपरा म्हणते की ऋषभदेवांनी आपल्या ब्राह्मी नावाच्या मुलीला लिप्या शिकवल्या. या कथांचा मान ठेवूनही मला असे म्हणायचे आहे की दगड उलटी दिशा दाखवतात. लिपी आणि देव जिथे पहिल्यांदा भेटतात, तिथे लिपी वरून खाली आलेली दिसत नाही. ती खालून वर, कुणीतरी देवाला वाहिलेली दिसते.

लिपी घडवणाऱ्यांच्या हाताकडे जरा जवळून पाहू. घराचे चित्र इजिप्ती लिपीत होतेच, पण इजिप्ती लेखनिक ते 'पेर' या आपल्या शब्दासाठी वाचत. सिनाईतल्या माणसाने चित्र उचलले आणि त्याचा इजिप्ती उच्चार टाकून दिला. घर म्हणजे आपले 'बेत', म्हणून 'ब'. शेकडो चिन्हे वर्षानुवर्षे घोकून लेखनिक होणाऱ्यांच्या त्या देशात या माणसांनी तिसाच्या आत चिन्हांवर भागवले. ओळी कुठून कुठे वाचायच्या याला ठाम नियम नाही, कधी आडव्या तर कधी उभ्या. एकच अक्षर दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी काढलेले. यावरून जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या ओर्ली गोल्डवासर यांनी असे मांडले की हे लोक चित्रलिपी वाचू न शकणारे खाणीवरचे कनानी होते. त्यांनी देवळाभोवतीची चित्रे पाहिली आणि त्यांतून आपल्या भाषेपुरते साधन बनवले. अ‍ॅन्सन रेनी यांनी यावर जोरदार हरकत घेतली: इतकी सूक्ष्म ध्वनिविद्या अडाण्यांना कशी सुचेल, हे काम इजिप्ती लेखन जाणणाऱ्या सुशिक्षितांचेच. हरकत अगदीच पोकळ नाही. सराबितच्या इजिप्ती शिलालेखांत रेटेनू या कनानी मुलखाच्या राजाचा भाऊ खेबदेद गाढवावर स्वार झालेला दिसतो, म्हणजे तिथे आलेले सगळेच कनानी हमाल नव्हते. शिवाय इजिप्तमध्येच, थीब्जजवळच्या वादी अल-होल इथे जॉन आणि डेबोरा डार्नेल यांना त्याच घराण्यातले दोन लेख सापडले, तेव्हा सिनाई हेच जन्मस्थान असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. माझा कल गोल्डवासर यांच्याकडे आहे. पण रेनी यांचे सगळे खरे धरले तरी मूळ मुद्दा हलत नाही. खाणकामगार असो की शिकलेला दुभाषा, देवीचे नाव कोरणारा तो माणूस तिच्याकडून काही ऐकल्याचे सांगत नाही. तो तिला काहीतरी देतो आणि दिल्याची नोंद करतो.

आता थोडे आपल्याकडे. सिनाईहून हजारो मैल दूर आणि गार्डिनरच्या ऐंशी वर्षे आधी हीच गोष्ट घडली आहे. कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूंचा कस पाहणारे जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे १८३७ साली सांचीच्या स्तूपावरच्या छोट्या छोट्या लेखांच्या नकला आल्या. स्तंभांवरचे मोठे लेख तेव्हा कुणाला उलगडत नव्हते. प्रिन्सेपना दिसले की हे तुकडे सुटे सुटे आहेत आणि जवळपास प्रत्येकाच्या शेवटी तीच दोन अक्षरे आहेत. तेव्हा हा सलग मजकूर नव्हे. मग एकाच देवस्थानात इतक्या लोकांनी शेवटी एकच शब्द का लिहावा? ब्रह्मदेशातल्या बौद्ध देवळांच्या आवारात भाविक ध्वजस्तंभ, मूर्ती उभारतात आणि त्यांवर आपले नाव घालतात, हे त्यांना आठवले. शब्द असणार 'दानं'. त्याच्या आधी वारंवार येणारे अक्षर 'स', म्हणजे षष्ठी: अमक्याचे दान. द, न आणि स हाती आले आणि काही आठवड्यांत दिल्लीचा स्तंभ बोलू लागला. आपल्या गावच्या देवळात पंख्याच्या पात्यावर आणि पायरीच्या फरशीवर देणाऱ्याचे नाव वाचत वाढलेल्या मराठी माणसाला ही युक्ती समजावून सांगायला नको. त्या पंख्याची थट्टा करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की ब्राह्मीचे कुलूप त्याच सवयीने उघडले. सिनाईत 'लबालत', सांचीत 'दानं'. दोन्हीकडे पहिला सुटलेला शब्द देण्याचा होता.

इथे कुणी म्हणेल, हा तर नुसता दगडांचा पक्षपात. देवळे दगडाची, म्हणून देवळातले लेख उरले. पपायरस, ताडपत्र, चामडे, लाकूड यांच्यावरची उधारी आणि निरोप कुजून गेले. हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. मेसोपोटेमियात उरुकला सापडलेल्या सर्वांत जुन्या पाट्यांवर धान्य, जनावरे आणि बिअरचा हिशेब आहे, स्तोत्रे नाहीत. लाखीशला सापडलेली हस्तिदंती फणी तर या युक्तिवादासाठीच जपून ठेवल्यासारखी आहे. इंचभराची ती फणी सुमारे इ. स. पूर्व १७०० ची. तिच्यावर सतरा अक्षरे आहेत आणि २०२२ मध्ये त्यांचे वाचन प्रसिद्ध झाले. या दाताने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघोत, असा तिचा अर्थ. वर्णलिपीतले आपल्या हाती आलेले हे सर्वांत जुने पुरते वाक्य, आणि ते उवांबद्दल. म्हणून 'लेखनाचा जन्म धर्मातून झाला' असले सरसकट विधान मी करत नाही, ते टिकणार नाही. माझे म्हणणे त्याहून अरुंद आहे. लिपी देवाच्या दाराशी येते तेव्हा भक्ताच्या हातातून येते, देवाच्या मुखातून नाही. उवांची फणी या म्हणण्याला बाध आणत नाही. उलट लिपी किती माणसांची आहे याला तिच्याइतका चांगला साक्षीदार शोधून सापडणार नाही. फणीवरचे वाक्यही इच्छेच्या रूपात आहे, 'निघोत' असे, हे जाता जाता.

अशोकाच्या लेखांवरूनही हरकत येईल. ब्राह्मीतले निःसंशय जुने लेख त्याचे, आणि ती राजाची शिकवण आहे, दान नव्हे. कबूल. मात्र त्यातही देव बोलत नाही, 'देवानंपिय पियदसि' राजा स्वतःच्या नावाने बोलतो, पश्चात्तापासकट. त्याच राजाने बराबरच्या डोंगरातल्या गुहा आजीविकांना दिल्या आणि तसे कोरून ठेवले.

भारतीय परंपरेकडून येणारी खरी अडचण याहून खोल आहे. वेद ही श्रुती, ऐकलेली. पाणिनीय शिक्षेत लिहिलेले पाहून म्हणणारा, 'लिखितपाठक', अधम पाठकांत गणला आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वात वेद लिहून काढणाऱ्यांना नरकात जाणाऱ्यांच्या यादीत बसवले आहे. ज्या धर्माने आपले सर्वांत पवित्र ते लिपीपासून इतके जपले, तिथे लिपीचा आणि देवाचा संबंध सांगण्यात अर्थ काय? या प्रश्नाचे उत्तर नाणेघाटात दगडावर आहे. सातवाहनांच्या काळात, साधारण इ. स. पूर्व पहिल्या शतकात, तिथल्या लेण्याच्या भिंतींवर नागनिका राणीचा मोठा लेख कोरला गेला. सुरुवातीला इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य, लोकपाल यांना नमन आहे. पुढे राजघराण्याने केलेल्या यज्ञांची नावे आहेत, अश्वमेधासकट. पण यज्ञात म्हटलेला मंत्र एकही नाही. कोरले आहे ते काय दिले ते: गाई किती, घोडे किती, कार्षापण किती. मंत्र ओठांवर राहिले, दक्षिणा भिंतीवर गेली. श्रुतीच्या या कट्टर घरातही लिपीला आत घेतले गेले ते देणाऱ्याच्या दाराने.

म्हणूनच मीमांसकांची भूमिका मला इथे फार उपयोगी वाटते. त्यांच्या मते शब्द नित्य आणि वेद अपौरुषेय. पण नित्य आहे तो शब्द, त्याची खूण नव्हे. लिपी उद्या बदलली, हरवली, परकी निघाली, तरी त्यांच्या वेदाचे काही बिघडत नाही. ब्राह्मी अरामाइकवरून आली की इथेच घडली, यावर बरीच डोकेफोड झाली आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवून गेलेले गेओर्ग ब्यूलर सेमिटिक उगमाच्या बाजूचे होते. स्वरांच्या मात्रा आणि वर्गवार मांडणी इथल्या उच्चारशास्त्रातून आली हे तर उघडच आहे. या वादात ज्यांना धर्माची इभ्रत पणाला लागलेली दिसते, त्यांनी मीमांसक कुमारिलभट्टाला विचारून पाहावे. त्याला चिंता वाटली नसती.

चिंता ज्यांना वाटते ते दगडाकडून हवे ते वदवून घेतात. फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात अशोकाचे स्तंभ दिल्लीला आणवले, तेव्हा ते वाचणारे कुणी उरले नव्हते. काहींनी सुलतानाला सांगितले की फिरोज नावाचा सुलतान येईपर्यंत हा स्तंभ कुणी हलवू शकणार नाही, असेच यावर लिहिले आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या दरबारातले इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांनी वेरूळच्या काही लेखांचे ठसे पाठवले. ते काशीत विल्फर्ड यांच्याकडे गेले. तिथे एका पंडिताने प्राचीन लिप्यांचे एक पुस्तक असल्याचे सांगितले आणि त्याआधारे लेख 'वाचले' गेले: त्यात म्हणे पांडवांच्या वनवासाची हकिकत होती. लेण्यांना पांडवलेणी म्हणणाऱ्या मुलखात हे सहज खपण्यासारखे होते, फक्त लेखांत त्यातले काही नव्हते. सिनाईतही तेच झाले. १९२३ साली ह्यूबर्ट ग्रिमे यांना त्या ओरखड्यांत मोशे आणि हात्शेप्सुत राणी दिसली. दगडाच्या झिजेलाही त्यांनी अक्षरांचा मान दिला होता. २०१६ मध्ये डग्लस पेट्रोविच यांनी पुन्हा मोशे वाचला, आणि २०२५ मध्ये एका स्वतंत्र अभ्यासकाचा 'हे मोशेकडून' असा दावा वर्तमानपत्रांतून फिरला. मघाशी म्हटलेली पंक्ती हीच. सिंधू मुद्रांचे दर काही वर्षांनी जाहीर होणारे 'वाचन' याच पंक्तीत बसते: लेख सरासरी पाच चिन्हांचे, द्विभाषी लेख एकही नाही, आणि वाचकाला आधीपासून ठाऊक असलेलेच त्यातून निघते.

पण मग 'बालत' मान्य आणि मोशे अमान्य, हा तुमचाही पूर्वग्रहच नव्हे का? असे कुणी विचारले तर तो न्याय्य प्रश्न आहे. फरक देवांच्या पसंतीचा नाही, पारखण्याच्या रीतीचा आहे. गार्डिनरची अक्षरमूल्ये त्यांनी लेखातून काढली नव्हती, ती अक्षरांच्या नावांतून आली होती. त्या मूल्यांनी जो शब्द निघाला तो एकाच जागी नव्हे, अनेक दगडांवर निघाला. तो शब्द स्त्रीदेवतेचा निघाला आणि देऊळही स्त्रीदेवतेचेच होते. त्याच मूर्तीवर दुसऱ्या लिपीत त्याच देवीचे नाव होते. यांतले काहीही चुकीचे ठरू शकले असते. मोशे मात्र एखाद्या झिजलेल्या ओळीत, दोन-तीन अक्षरांच्या भरवशावर सापडतो, आणि तेवढ्या सामग्रीत शोधणाऱ्याला कुणीही सापडेल. गार्डिनर एका शब्दापलीकडे फारसे गेले नाहीत, हेही त्यांच्या बाजूने बोलते. सिनाईच्या चाळीसेक लेखांपैकी बहुतेकांचे सर्वमान्य वाचन अजून नाही. प्रिन्सेप चुकलेही: पियदसि हा सिंहलचा राजा असे त्यांनी आधी म्हटले. जॉर्ज टर्नर यांनी पाली ग्रंथांतून तो अशोक असल्याचे दाखवताच त्यांनी मत बदलले. पुढे १९१५ साली मस्कीला सोन्याच्या खाणींवरच्या एका अभियंत्याला सापडलेल्या लेखात अशोकाचे नाव स्पष्ट निघाले. प्रिन्सेपना जाऊन तेव्हा पंचाहत्तर वर्षे झाली होती. न पाहिलेल्या दगडाने वाचन खरे ठरवणे याहून मोठी कसोटी नाही.

श्रद्धावान माणूस शेवटी म्हणेल की देवानेच खाणकामगाराला बुद्धी दिली असेल, हे तुम्हाला खोटे ठरवता येते का? नाही येत. मला ते खोटे ठरवायचेही नाही. पण मग दगडाला साक्षीला बोलावू नये, कारण जे कुठल्याच दगडाने खोटे ठरू शकत नाही ते कुठल्याच दगडाने खरेही ठरत नाही. मोशेच्या पाट्यांवर विश्वास ठेवणाऱ्याला सराबितच्या ओरखड्यांची गरज नव्हती, तशी वेदांवर विश्वास ठेवणाऱ्याला सिंधू मुद्रांची नाही. आणि ओरखड्यांतून मोशे काढण्याच्या नादात जे खरोखर लिहिले आहे ते नजरेआड होते. परमुलखातला कुणी एक, रणरणत्या उन्हात, मालकांच्या देवीला आपल्या भाषेतल्या नावाने हाक मारतो आणि ते नाव चार चिन्हांत बसवतो. हा धार्मिक पुरावा थोडाथोडका नाही. तो देवाच्या बाजूचा नाही, भक्ताच्या बाजूचा आहे, इतकेच.

हे पाहायला लंडनला जायची गरज नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांतले बरेच धेनुकाकट नावाच्या गावचे, काही स्वतःला यवन म्हणवणारे. दर्शनी भागावर एका गांधिकाचे, म्हणजे अत्तरे विकणाऱ्याचे, नाव आहे. दाराचे काम वेणुवासाचा मुलगा सामी या वढकीने, सुताराने, केल्याचे लिहिले आहे. पुढच्या वेळी गेलात तर खांबांवरचे लेख शोधा. 'थंभो दानं' असा शेवट असलेल्या ओळीतले अगदी अखेरचे अक्षर पाहा: खाली एक आडवी रेघ, तिच्या मधोमध उभी रेघ, उजवीकडे ठिपका. ते 'नं' आहे, आणि त्याच्या आधीचे 'दा'.